ताराबाई शिंदे : आपल्या जिल्ह्यातील एक निर्भय लेखणी

इंग्रजी वाङ्मयात गॉथिक कथा म्हणून एक प्रकार आहे. जुना पडका वाडा, कुलूपबंद खोली, रात्री ऐकू येणारे हुंदके आणि या साऱ्यांत सापडलेली एखादी असहाय स्त्री, असा तिचा थाट. १८९२ साली शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध झाली. तीत भूत नाही. डॉक्टर नवरा उपचार म्हणून बायकोला गजांच्या खिडक्या असलेल्या माडीवरच्या खोलीत ठेवतो, लिहायची मनाई करतो. आणि भिंतीवरच्या पिवळ्या कागदाआड तिला एक कोंडलेली बाई दिसू लागते. तेथे भय आहे ते मायेच्या नावाखाली घातलेल्या कुलपाचे. ही कथा वाचताना मन अमेरिकेत न रमता बुलढाण्याकडे धाव घेते. कारण भिंतीआडची ती बाई दहा वर्षे आधीच आपल्या जिल्ह्यात बोलली होती. तिचे नाव ताराबाई शिंदे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्याच्या एका मराठा घराण्यात झाला. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. चार भावांत ही एकटी बहीण. मुलींची शाळा हीच नवलाई असलेल्या त्या काळात वडिलांनी तिला घरी मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकवले. लग्न मात्र रीतीप्रमाणे लहानपणीच झाले. पती घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी राहिले. मूलबाळ झाले नाही. विद्या मिळाली, पण मराठमोळ्याच्या चार भिंती काही सुटल्या नाहीत.

१८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लोकलाजेच्या भीतीने तिने आपल्या नवजात बालकाचा जीव घेतला होता. न्यायालयाने तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात ती रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ‘पुणे वैभव’ पत्राने या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतले. बालकाचा बाप कोण, हे मात्र कोणी विचारीना. हे वाचून बुलढाण्यात एक लेखणी पेटून उठली.

१८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून निघाले. पाने बावन्न, किंमत नऊ आणे, प्रती पाचशे. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत किती आहे, याचा हिशेबच ताराबाईंनी मांडला. बायको मेली की पुरुष लगेच बोहल्यावर चढतो. नवरा मेला की बाईचे केस जातात, दागिने जातात, शुभकार्यात तिचे तोंड दिसू नये म्हणतात. मग पातिव्रत्याचे नियम एकीलाच का? शास्त्रकार, देव, ऋषी यांनाही त्यांनी जाब विचारला. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या काळच्या अद्भुतरम्य पुस्तकांचाही त्यांनी समाचार घेतला. पुस्तकातली बाई वाईट ठरते, कारण पुस्तक लिहिणारा पुरुष असतो, हे मर्म त्यांनी ओळखले होते. भाषा म्हणाल तर घरातली, चुलीपुढची. पण कोर्टातल्या वकिलाला लाजवील अशी धारदार.

अशा बाईचे कौतुक कोण करणार? सत्यशोधकांच्या वर्तुळातल्याच काही पुरुषांनी नाके मुरडली. जोतीराव फुले मात्र पाठीशी उभे राहिले. विधवांची बाळंतपणे गुपचूप व सुखरूप व्हावीत म्हणून १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते; विजयालक्ष्मीचे दुःख त्यांना परके नव्हते. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली व टीकाकारांचे कान उपटले.

पण त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. गिलमनच्या नायिकेला लिहायची मनाई नवऱ्याने केली. ताराबाईंची लेखणी समाजाच्या नाराजीपुढे थांबली असेल, तर नवल नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या. पुस्तकही विस्मृतीच्या कोठडीत पडले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून उजेडात आणले. १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि बुलढाण्याची ही लेक जगाला ठाऊक झाली.

आपण राजूर घाट चढून बुलढाण्यास कितीदा तरी जातो. कधी दाखल्यासाठी, कधी परीक्षेसाठी. याच गावी एका बाईने एवढे लिहिले, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असते? लग्न ठरले म्हणून वर्गातली एखादी मैत्रीण परीक्षेआधीच दिसेनाशी होते, तेव्हा आपण हळहळतो आणि पुढचे पान उलटतो. ताराबाईंनी पान उलटले नाही, उत्तर लिहिले. ग्रंथालयात ते पुस्तक मागून घ्यावे आणि मुलांनीही ते वाचावे, एवढीच विनंती. कारण ती तुलना दोघांची आहे.