हाफकिन आणि हुबळीचा प्लेग

परळची हाफकिन इन्स्टिट्यूट सगळ्यांना माहीत असते, पण हाफकिन हे एका माणसाचं नाव आहे हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. त्यांच्या लशीची एक मोठी परीक्षा आपल्या हुबळीत झाली, हे तर त्याहूनही कमी लोकांना ठाऊक.

वाल्डेमार हाफकिन 1860 साली ओडेसात एका ज्यू घरात जन्मले. ज्यू असल्यामुळे तिथे प्राध्यापकी मिळेना, म्हणून ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. सुरुवात ग्रंथालयातल्या कामापासून. 1892 मध्ये कॉलऱ्याची लस त्यांनी आधी स्वतःलाच टोचली आणि पुढच्या वर्षी भारतात आले.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या छोट्याशा जागेत हाफकिन कामाला लागले. बकऱ्याच्या मांसाचा रस काढायचा, त्यावर तुपाचे थेंब सोडायचे, म्हणजे जंतू त्या थेंबांखाली लोंबत वाढायचे. गाय नाही, डुक्कर नाही. लोकांच्या भावना त्यांनी ओळखल्या होत्या. मग तापवून जंतू मारायचे, झाली लस. पहिली पाळी सशांची. ससे तगले, तेव्हा 10 जानेवारी 1897 ला त्यांनी स्वतःला टोचून घेतलं. ताप आला, पण काम थांबवलं नाही. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात आपणहून पुढे आलेल्या कैद्यांना.

1898 मध्ये प्लेग हुबळीत शिरला. इथे डॉ. ल्यूमान यांनी काही महिन्यांत तीस हजारांहून जास्त लोकांना टोचलं. एवढं मोठं काम त्या काळी क्वचितच कुठे झालं असेल! लस काही रामबाण नव्हती, टोचलेल्यांतलेही काही दगावले; पण न टोचलेल्यांच्या मानाने फारच कमी.

पुढे पंजाबातून इतकी मागणी आली की लस पुरेना. ती लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिननी त्यातलं कार्बोलिक ॲसिड वगळलं. 1902 मध्ये मलकोवाल गावात एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने गेले. खापर प्रयोगशाळेवर फुटलं, हाफकिनना पद सोडावं लागलं. खरं तर बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे 1907 मध्ये डाग पुसला गेला. मधली पाच वर्षं मात्र गेलीच.

ते पुन्हा भारतात आले, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव 1925 मध्ये मिळालं. 1930 साली ते स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारले.