विश्लेषण : इंजिन दमदार, तरी बोट पळेना… प्रोपेलरचे कोडे चार्ल्स पार्सन्स यांनी कसे सोडवले?

जुळी आऊटबोर्ड इंजिने असलेली मोटारबोट चालवणाऱ्यांना हा अनुभव येतो. थ्रॉटल पुढे ढकलला की एका इंजिनाचे फेरे एकदम वाढतात, आवाज चढतो, पण बोटीचा वेग काही वाढत नाही. संशय इंजिनावर जातो. दोष मात्र अनेकदा पाण्याखाली, प्रोपेलरपाशी असतो. १८९४ मध्ये हेच कोडे ब्रिटिश अभियंता चार्ल्स पार्सन्स यांच्यासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांची नवी कंपनीच पणाला लागली होती.

कोण होते पार्सन्स?

जन्म १८५४ चा, लंडनमधला. वडील अर्ल ऑफ रॉस हे नामवंत खगोलशास्त्रज्ञ. आयर्लंडमधील बर येथील वाड्यात त्यांनी ७२ इंची आरशाची प्रचंड दुर्बीण उभारली होती. पार्सन्स यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. पुढे केंब्रिजमध्ये गणित शिकून उमरावाचा हा मुलगा न्यूकॅसलच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला.

१८८४ मध्ये त्यांनी मिनिटाला १८,००० फेरे घेणारी वाफेची टर्बाइन बनवली. पाच वर्षांनी ते भागीदारांपासून वेगळे झाले आणि स्वतःच्याच शोधाची पेटंटे त्यांना मागे सोडावी लागली. ती १८९४ मध्ये परत मिळाली. त्याच वर्षी टर्बाइनवर जहाज चालवून दाखवण्यासाठी त्यांनी नवी कंपनी काढली आणि सुमारे १०० फूट लांबीची, ४४ टनांची ‘टर्बिनिया’ पाण्यात उतरवली.

मग अडले कुठे?

चाचण्यांमध्ये वेगवेगळे प्रोपेलर लावून पाहिले, तरी बोट २० नॉटच्या, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या पुढे जाईना. टर्बाइन जोमात फिरत होती, पण तिची ताकद पाण्यात वाया जात होती. ‘डेअरिंग’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या चाचण्यांतही असाच त्रास दिसला होता. त्याला नाव मिळाले कॅव्हिटेशन.

कॅव्हिटेशन म्हणजे काय?

महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. प्रोपेलर फार वेगाने फिरला की पात्याच्या एका बाजूला दाब इतका घसरतो की गार पाण्याचीही वाफ होते. पात्याभोवती वाफेचे बुडबुडे जमतात आणि पाण्यावरची पकड सुटते. हेच बुडबुडे जास्त दाबाच्या जागी पोहोचले की क्षणात मिटतात. त्या दणक्याने धातूवर बारीक खड्डे पडतात.

दोष कसा शोधला?

पार्सन्स यांनी इंजिनाची ताकद वाढवण्याऐवजी आधी बिघाड डोळ्यांनी पाहायचे ठरवले. १८९५ मध्ये त्यांनी पाणी गोल फिरत राहील अशी छोटी बंद टाकी बनवली आणि तिच्यात २ इंची प्रोपेलर बसवला. पाण्यावरचा हवेचा दाब पंपाने काढून घेतला, त्यामुळे मिनिटाला सुमारे १,२०० फेऱ्यांनाच बुडबुडे दिसू लागले. दाब तसाच ठेवला असता तर त्यासाठी १२,००० फेरे लागले असते. फिरते पाते डोळ्यांना स्थिर दिसावे म्हणून त्यावर प्रकाशाचे झोत थांबून थांबून टाकले. कॅव्हिटेशन टनेलची ही सुरुवात होती.

उपाय काय केला?

एकाच प्रोपेलरवर सगळा भार टाकायचा नाही, हा. एका टर्बाइनच्या जागी तीन टर्बाइन, तीन दांडे आणि प्रत्येक दांड्यावर तीन, असे एकूण नऊ प्रोपेलर बसवले. भार जास्त पात्यांवर वाटला गेला आणि बोटीने ३४ नॉट, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरचा वेग गाठला.

२६ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे नौदलाचा ताफा रांगेत उभा होता. ‘टर्बिनिया’ त्यातून सुसाट निघाली. गस्ती बोटींना ती सापडली नाही.

पुढे काय झाले?

नौदलाने टर्बाइनच्या युद्धनौका घेतल्या, पण त्यातल्या ‘वायपर’ आणि ‘कोब्रा’ १९०१ मध्ये बुडाल्या. ‘कोब्रा’वर ६७ जणांचा जीव गेला. त्यात पार्सन्स यांच्या कंपनीचे लोकही होते. दोष टर्बाइनचा नव्हता, तरी घाव मोठा होता. काम थांबले नाही. १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ आणि १९०७ मध्ये ‘मॉरिटेनिया’ टर्बाइनवरच धावल्या. पुढे टर्बाइन आणि प्रोपेलर यांच्यामध्ये गिअर आले. टर्बाइन वेगात, प्रोपेलर सावकाश. आजच्या आऊटबोर्ड इंजिनाच्या खालच्या गिअरपेटीतही फेरे असेच कमी केले जातात.

पार्सन्स यांचा एकुलता मुलगा पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये मारला गेला. त्यांचे स्वतःचे निधन १९३१ मध्ये जमैकाच्या सागरी प्रवासात झाले.

बोटचालकांनी काय तपासावे?

* कोणत्या बाजूच्या इंजिनाचे फेरे उसळतात, ते आधी टिपा.
* बोट किनाऱ्यावर घेऊन, इंजिन बंद करून त्या बाजूचे पाते पाहा. कड वाकली किंवा तुटली असेल, खड्डे दिसत असतील, तर कॅव्हिटेशनचा संशय घ्या.
* पाते ठीक असेल आणि फेरे वळणावरच उसळत असतील, तर इंजिन फार वर बसवले आहे का पाहा. तेव्हा वरची हवा प्रोपेलरमध्ये ओढली जाते. त्याला व्हेंटिलेशन म्हणतात आणि त्याचा इलाज वेगळा असतो.
* कारण कळेपर्यंत जादा थ्रॉटल देऊ नका. त्याने वेग वाढत नाही, पाते मात्र झिजते.

नऊ प्रोपेलरचा धडा देणारी ‘टर्बिनिया’ आजही न्यूकॅसलच्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये उभी आहे.