सुगरण कोण? डॉ. सलीम अली आणि किहीमची पाखरं

दाजीबानपेठेतल्या आमच्या घरी, शोकेसमध्ये मारियामाउलीच्या मूर्तीशेजारी, सुगरणीचं एक वाळकं घरटं आहे. आजी ते दाखवून आम्हा मुलींना नीटनेटकेपणाचे धडे द्यायची. पाखराचं नावच सुगरण, तेव्हा विणणारी मादीच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. शाळेत बहिणाबाईंची खोप्याची कविता शिकले आणि तो समज आणखीच पक्का झाला. तो मोडला डॉ. सलीम अलींची ओळख झाल्यावर.

सलीम अलींचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील अगदी लहानपणीच गेले आणि खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. तिथे कपाटांतून पेंढा भरून ठेवलेले पक्षी बघून हा मुलगा हरखून गेला.

पण पोटापाण्याचं काय? ते ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेले, तिथे जम बसला नाही. परत येऊन हिशेब आणि व्यापारी कायदा शिकू लागले. त्यांचं मन कशात आहे हे सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटरनी ओळखलं. हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या आग्रहामुळे सलीम अली प्राणिशास्त्राकडे वळले. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी लागली. पुढे रजा काढून ते बर्लिनला प्रोफेसर श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! वय तेहेतीस, संसार पाठीशी, हातात काम नाही.

मुंबईत राहणं परवडेना, म्हणून ते पत्नी तहमिनासह अलिबागजवळ किहीमला गेले. तिथे झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते ती निरखत राहिले, आणि सगळं उलटंच निघालं. विणणारा होता नर! गवताच्या आणि भाताच्या पात्यांच्या हिरव्या धांदोट्या काढून, शेकडो खेपा करून, तो टोपीच्या आकाराचं अर्धंच घरटं बांधतो आणि थांबतो. मग माद्यांचा घोळका येतो. नर पंख फडफडवत घरट्यांना लटकतात, माद्या आत शिरून विणकाम तपासतात. एखादीला पसंत पडलं तर ती तिथे राहते. नर अंड्यांची खोली आणि लांब नळी पुरी करतो, आणि लगेच शेजारी दुसरं घरटं दुसऱ्या मादीसाठी सुरू करतो. ज्याचं घरटं कुणाला आवडत नाही, तो ते सोडून नवं विणायला घेतो. हे निरीक्षण १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं.

मला यात सगळ्यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या वसाहतीला मुकादम नाही, नकाशा नाही. प्रत्येक नराला फक्त आपलं घरटं ठाऊक, प्रत्येक मादीला फक्त आपली निवड. तरी झाडभर शिस्तीत लोंबणारी एक वस्तीच्या वस्ती उभी राहते. चांगली घरटी भरतात, कच्ची मागे पडतात, आणि हे कुणी ठरवलेलं नसतं. हिवाळ्यात जोंधळ्यावर उतरणाऱ्या भोरड्यांचा थवा एकदम वळतो, तेव्हाही पुढारी कुणीच नसतो. धडकू नये, शेजाऱ्याच्या दिशेने उडावं, घोळक्यापासून लांब जाऊ नये, या तीन नियमांवर कॉम्प्युटरमध्ये तसाच थवा उडवता येतो, हे क्रेग रेनॉल्ड्सनी १९८७ मध्ये मांडलं. त्याच वर्षी सलीम अली वारले. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. दुर्बीण, वही आणि एकेका पाखराकडे बघत बसायची चिकाटी होती. थवा कळायचा तर आधी एकेक पाखरू कळावं लागतं की!

पुढे १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं, रिप्ले यांच्याबरोबर दहा खंड झाले, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १९८५ च्या आत्मचरित्राला त्यांनी चिमणीच्या पडण्याचं नाव दिलं. ते शब्द शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधले, आणि त्यांचं मूळ संत मत्तयच्या शुभवर्तमानात. बोहरा घरातल्या या माणसाच्या पुस्तकावर ते नाव वाचलं तेव्हा मला का कोण जाणे, फादर ब्लॅटर आठवले.

यंदा माझं शेवटचं वर्ष. पुढे काय, असं घरीदारी सगळेच विचारतात. अशा वेळी मला नोकरी गेलेला, झाडाकडे बघत बसलेला तो किहीमचा माणूस आठवतो.

परवा शोकेस उघडून ते घरटं नीट पाहिलं. त्याला नळी नाही. आणताना मोडली असेल, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. पण मोडल्याची खूण कुठेच नाही. म्हणजे हे टोपीच्या आकाराचं अर्धं घरटं, कुठल्याशा नराने विणलेलं आणि एकाही मादीने न पत्करलेलं! आजीला सांगितलं, तर ती खळखळून हसली. घरटं मात्र तिने होतं तिथेच ठेवायला लावलं. त्याने विणायचं काही सोडलं नसेल, एवढंच म्हणाली.