फ्रान्सिस झेवियर व त्यांची समाधि

कोल्हापुराकडील आपल्या मंडळींतील कित्येक बंधुभगिनी गोव्यास जातात, तेव्हां जुन्या गोव्यांतील बॉम जेझू मंदिरांत फ्रान्सिस झेवियर यांची समाधि पाहून येतात. ते रंगीत पाषाण व ती रुप्याची पेटी पाहून येथें कोणी राजा निजला असावा, असें वाटतें.

फ्रान्सिस हे १५०६ सालीं स्पेनच्या उत्तरेस नव्हार राज्यांत सरदार घराण्यांत जन्मले. पॅरिस येथें शिकत असतां इग्नेशियस लोयोला यांचा सहवास घडून त्यांनीं मानमरातबाची आशा सोडिली. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयानें ते मे १५४२ मध्यें गोव्यास उतरले. तेथें ते रोग्यांची शुश्रूषा करीत, बंदिवानांस भेटत, व रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांस शिकावयास बोलावीत. पुढें दक्षिणेकडील मोतीं काढणाऱ्या कोळ्यांत त्यांनीं काम केलें, व तेथून मलाक्का व जपानपर्यंत ते गेले. गोव्यांत धर्मन्यायसभा स्थापावी, अशी विनंती त्यांनींच १५४६ सालीं राजास लिहून केली होती. ही गोष्ट त्यांच्या चरित्रांतून गाळतां येत नाहीं. ता. ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर, बहुतेक एकाकी स्थितींत, ते वारले.

१५५४ सालीं त्यांचा देह गोव्यास आणिला गेला. १६१४ सालीं उजवा हात तोडून रोमास नेला, व १६२२ सालीं पोपनें त्यांस संत ठरविलें. तो काळच तसा होता. धर्मसुधारणेमुळें युरोपांत मंडळी दुभंगली, तेव्हां रोमच्या अधिकाऱ्यांनीं व त्यांस मानणाऱ्या राजांनीं संगमरवर, सोनें व रंग यांच्या योगें लोकांचीं मनें जिंकण्याचें योजिलें. त्या डोळे दिपविणाऱ्या कलेस बरोक म्हणतात.

रुप्याची पेटी गोव्यांतीलच कारागिरांनीं १६३७ च्या सुमारास घडविली. दगडी समाधि मात्र टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याची देणगी. त्याचा दरबारी शिल्पकार फोज्जिनी हा तीवर सुमारें दहा वर्षें खपला. हें काम फ्लॉरेन्स शहरीं झालें. आपले राजाराम महाराज १८७० सालीं जेथें वारले, तेंच हें शहर. १६९८ सालीं ते दगड जहाजानें गोव्यास आले, व ते बसविण्यास तिकडील कारागीरहि बरोबर आला. कोझिमोची प्रजा करांच्या ओझ्याखालीं वांकलेली होती, हें मात्र समाधीवर कोठें कोरलेलें नाहीं.

समाधीच्या चार बाजूंस कांशाचे चार ओतीव पट आहेत. त्यांपैकीं एकावर त्या दूरच्या बेटावरील मरणाचा प्रसंग आहे. पेटीकडे पाहण्याच्या गर्दींत तो बहुतेकांच्या नजरेंतून सुटतो.