ट्रॅक्टर मागे उलटून माणसं मरायची, एका गॅरेजवाल्याने तीन दांड्यांत त्यावर उपाय शोधला

गावाकडच्या कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात जा. कुणाला ट्रॅक्टरच्या बकेटला हुक मारून हवा असतो, कुणाला नांगराचा तुटलेला फाळ जोडून हवा असतो. आता तर अनेकांच्या घरीच छोटं वेल्डिंग मशीन आलंय. पण ट्रॅक्टरच्या मागे लावायचं नवं अवजार बनवायचं असेल, तर कारागीर आधी तीन जागांची मापं घेतो. खाली दोन, वर एक.

ही तीन मापं जुळली की अवजार त्या ट्रॅक्टरला बसतं आणि तेच माप असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरलाही बसतं.

ही तीन जागांची जोडणी जगभर पोचवणारा माणूस म्हणजे हॅरी फर्ग्युसन. हो, मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन.

हॅरीचा जन्म 4 नोव्हेंबर 1884 चा. गाव आयर्लंडच्या उत्तरेकडच्या काउंटी डाऊनमधलं, घर शेतकऱ्याचं, भावंडं अकरा. शाळा लवकर सुटली आणि पोरगं शेतात राबायला लागलं. पण त्या ढोरमेहनतीत त्याचा जीव रमेना. 1902 मध्ये तो बेलफास्टला भावाच्या गॅरेजमध्ये गेला आणि इंजिनात रमला.

नुसता रमला नाही, तर त्याने स्वतः विमान बनवलं. 31 डिसेंबर 1909 ला ते सुमारे 130 यार्ड उडालं. आयर्लंडमध्ये विमान उडवणारा तो पहिला माणूस ठरला.

पुढे त्याने बेलफास्टमध्ये स्वतःचा धंदा टाकला. गाड्यांबरोबर ट्रॅक्टरही विकायला लागला. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, बाहेरून येणारं धान्य अडत होतं. देशातच जास्त पिकवायचं तर ट्रॅक्टर नीट चालायला हवेत. 1917 मध्ये आयर्लंडच्या शेती खात्याने हे काम फर्ग्युसनवर सोपवलं. विली सँड्स या आपल्या मेकॅनिकला घेऊन तो शेतोशेत फिरला.

तिथे त्याला खरी अडचण दिसली.

तेव्हा बैलाच्या मागे नांगर ओढावा तसाच तो ट्रॅक्टरच्या मागे ओढला जायचा. नांगर जमिनीतल्या दगडात अडकला की मागची चाकं जागीच थांबायची. इंजिन मात्र जोर लावतच राहायचं. मग चाकं फिरायच्या ऐवजी अख्खा ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरायचा. पुढचं तोंड वर उचललं जायचं आणि धूड चालवणाऱ्याच्या अंगावर यायचं. उडी मारायलाही वेळ मिळायचा नाही.

यावर बाकीच्यांचं उत्तर होतं, ट्रॅक्टर आणखी जड करा. पण जड ट्रॅक्टर महाग पडतो आणि जमीनही दाबून टाकतो. फर्ग्युसनने उलटा विचार केला. वजन वाढवण्यापेक्षा जोडणीच बदलली तर? ट्रॅक्टर आणि नांगर हे एकच यंत्र झालं पाहिजे.

पुढची कित्येक वर्षं तो आणि त्याचे सहकारी यावरच काम करत राहिले. शेवटी तयार झाली ती तीन दांड्यांची जोडणी. खालचे दोन दांडे अवजार ओढतात. वरचा दांडा, म्हणजे आपल्याकडची टॉप लिंक, ट्रॅक्टरला पुढे रेटतो. जमिनीत नांगराला जितका अडथळा होतो, तितका हा रेटा वाढतो आणि पुढची चाकं जमिनीवर दाबून धरतो. ज्या ताकदीने ट्रॅक्टर उलटायचा, तीच ताकद आता त्याला खाली धरायला लागली.

याला हायड्रॉलिकची साथ मिळाली. नांगर फार खोल गेला की टॉप लिंकवरचा दाब वाढतो, त्याने व्हॉल्व्ह हलतो आणि नांगर आपोआप थोडा वर येतो. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला.

1933 मध्ये नमुन्याचा काळा ट्रॅक्टर तयार झाला. ऑक्टोबर 1938 मध्ये फर्ग्युसनने अमेरिकेत हेन्री फोर्डला प्रात्यक्षिक दाखवलं. फोर्डला ते इतकं पटलं की दोघांनी तिथेच हात मिळवले. कागद नाही, सही नाही. पुढच्याच वर्षी फोर्डचा 9एन ट्रॅक्टर बाजारात आला. तो आणि त्याचा पुढचा 2एन मिळून तीन लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले.

पण म्हाताऱ्या फोर्डच्या हातून कारभार नातवाकडे गेला आणि तोंडी करार मोडला. जोडणी तीच ठेवून कंपनीने फर्ग्युसनला बाजूला केलं. तो कोर्टात गेला. मागणी होती 25 कोटी 10 लाख डॉलरची. चार वर्षांनी, 1952 मध्ये 92 लाख 50 हजार डॉलरवर तडजोड झाली.

दरम्यान इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत 1946 पासून त्याचा टीई20 ट्रॅक्टर बनत होता. दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त बनले. फर्ग्युसनचेच ट्रॅक्टर घेऊन एडमंड हिलरी जानेवारी 1958 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला.

1953 मध्ये फर्ग्युसनने धंदा कॅनडाच्या मॅसी हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीत 10 लाख डॉलरचा फरक उरला, तर त्यासाठी नाणेफेक केली. फर्ग्युसन हरला. 25 ऑक्टोबर 1960 ला त्याचं निधन झालं. त्याच वर्षी मद्रासमध्ये टॅफे कंपनी सुरू झाली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन भारतातल्या शेतांत पोचला. शेतकऱ्यांसाठी तो नुसता मॅसी झाला.

आज जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे तीच जोडणी दिसते. पण धोका पुरता गेलेला नाही. चिखलात रुतलेली ट्रॉली काढायला कुणी टॉप लिंकच्या जागेला साखळी बांधतं, कुणी वरच्या बाजूला हुक वेल्ड करून त्यातून ओढतं. मागच्या आसाच्या वरून अशी ओढ बसली की ट्रॅक्टरचं तोंड पुन्हा वर उचलतं, अगदी 1917 सारखंच. ओढायचं असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधायची. वेल्डिंग कितीही पक्कं असलं, तरी चुकीच्या जागी मारलेला हुक जीव घेऊ शकतो.