एका बाटलीमुळे बदनाम झाले होते ते हाफकिन, ज्यांच्या नावाने मुंबईत संस्था उभी आहे

इंदापूर तालुक्यातलं अंथुर्णे घ्या किंवा दुसरं कुठलंही गाव. बाळाला बीसीजीची लस द्यायची म्हणून नर्सताई बाटली उघडतात. बाटलीत अनेक बाळांना पुरेल इतकी लस असते, पण त्या दिवशी बाळं येतात दोनच. चार तासांनी उरलेली लस फेकून द्यावी लागते. एवढं औषध वाया का घालवायचं, असा प्रश्न कुणालाही पडेल.

याचं उत्तर समजून घ्यायचं असेल तर वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट माहिती पाहिजे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, ओडेसामधल्या एका ज्यू कुटुंबातला. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. सुरुवातीला नोकरी मिळाली ती तिथल्या लायब्ररीत. फावल्या वेळात प्रयोग करून त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८९२ साली पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले आणि हजारो लोकांना त्यांनी ही लस दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यांनी काम सुरू केलं. मांसाच्या रस्स्यावर तुपाचे थेंब सोडून ते प्लेगचे जंतू वाढवायचे आणि मग उष्णता देऊन मारायचे. १० जानेवारी १८९७ ला ही लसही त्यांनी आधी स्वतःला टोचली, तीही तब्बल १० घन सेंटीमीटर. पुढे लोकांना दिलेला डोस यापेक्षा बराच कमी होता. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वयंसेवक कैद्यांवर चाचणी झाली. लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी दिसला.

पण लोक घाबरलेले होते. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. घरझडतीमुळे सरकारवर प्रचंड राग होता. अशा वातावरणात सुई टोचून घ्यायला कोण तयार होणार? तेव्हा आगाखान यांनी जाहीरपणे लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मग आला ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस. पंजाबमधल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस दिली गेली. पुढच्या काही दिवसांत त्यातल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हे सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाकी बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झालं नाही.

खापर फुटलं हाफकिन यांच्यावर. लस प्रयोगशाळेतच दूषित झाली, असा ठपका ठेवून त्यांना कामावरून दूर करण्यात आलं. पण गावात बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही गोष्ट पुढे आली. मलेरियावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले आणि भारतात परतले. मात्र परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही, त्यांना कलकत्त्याला जावं लागलं.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

बाटली मोठी असली की लस स्वस्त पडते, पण एकदा उघडली की तिच्यात जंतू शिरण्याचा धोका सुरू होतो. म्हणून बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या उघड्या बाटल्या चार तासांत टाकून देतात, तर पेंटाव्हॅलंटसारख्या काही लसींची उघडलेली बाटली नियम पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येते. एकदा वापरली की आपोआप लॉक होणारी सिरिंज आली, म्हणजे तीच सुई दुसऱ्याला टोचली जात नाही. दट्ट्या आणि सुईच्या मधल्या पोकळीत औषधाचा थेंब अडकून वाया जाऊ नये, म्हणून ती पोकळी कमी केलेल्या सिरिंजही निघाल्या.

थेंब वाचवायचाच, पण सिरिंजच्या रचनेतून. उघडलेल्या बाटलीत जंतू शिरले तर काय होऊ शकतं, हे मुल्कोवालने पाहिलं होतं.