आमच्या मुलखात आलेले डॉक्टर : सर विल्यम वानलेस

सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. वाडी हा शब्द आपला आहे, पण वानलेस हे नाव काही आपल्याकडचे नाही. ते एका डॉक्टरांचे नाव आहे. ते फार दूरच्या देशातून आपल्या मुलखात आले आणि ३९ वर्षे इथे राहिले. त्यांची माहिती मी आमच्या गुरुजींना आणि आजीला विचारून लिहीत आहे.

विल्यम वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडा देशात ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. गुरुजींनी आम्हांला पृथ्वीच्या गोलावर तो देश दाखवला. तिथे थंडीत खूप बर्फ पडते. त्या देशात इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषा चालतात. ऑन्टॅरिओच्या शेजारी क्वेबेक प्रांत आहे, तिथे बहुतेक लोक फ्रेंचच बोलतात. मला वाटले, आपल्यातला एखादा मुलगा तिथे गेला आणि आजारी पडला तर काय करील? पोटात कळ येते हे तो कोणत्या भाषेत सांगणार? वानलेससाहेब इथे आले तेव्हा त्यांचेही असेच झाले असणार.

ते अमेरिकेत न्यूयॉर्कला डॉक्टरी शिकले आणि १८८९ साली पास झाले. त्याच वर्षी ते पत्नी मेरीबाई यांच्यासह बोटीने मुंबईला आले. ते अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आले होते. मिशनची मंडळी ख्रिस्ती धर्माची माहिती सांगत, तशी शाळा आणि दवाखानेही चालवीत. वानलेससाहेबांनी आधी सांगलीत लहान दवाखान्यात काम केले. मग ते मिरजेला गेले. तिथे १८९४ साली मोठे इस्पितळ सुरू झाले. मिरजेला रेल्वेचे जंक्शन होते. त्यामुळे लांबलांबचे रोगी आगगाडीने येत. कोणी मराठी बोले, कोणी कानडी, तर कोणी उर्दू.

नव्याने आलेल्या मिशनच्या मंडळींना इथली भाषा शिकावी लागे. मला हे फार आवडले. डॉक्टर कितीही हुशार असला तरी रोग्याचे बोलणे कळले नाही तर तो औषध कशाचे देणार? कुठे दुखते, कधीपासून दुखते, काय खाल्ले, हे सगळे विचारावे लागते. आणि रोग्यालाही आपल्या भाषेत कोणी बोलले की जरा धीर येतो.

त्या काळी लोकांना इस्पितळाची भीती वाटे. याबद्दल आमच्या आजीच्या घरातली एक गोष्ट आहे. आजीचे पणजोबा तासगाव तालुक्यात शेती करत. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, आमचा तालुका सातारा जिल्ह्यात होता. पणजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग पांढरे, गढूळ होते आणि दिसेनासे होते. त्यांना बैलसुद्धा दिसेनात. हात लावून कोणता बैल ते ओळखत. घरात लेकरे लहान, शेत पडून राहायची वेळ आली. कोणी म्हणाले मिरजेला जावा. पण भावकीतल्या लोकांनी अडवले. डोळ्यात सुरी घालतात, आणि तिथले पाणी प्यायले तर आपण बाटू, असे लोक म्हणत होते.

शेवटी पणजीबाईंनीच गाडी जुंपायला लावली. बरोबर भाकरी, चटणी आणि घरच्या पाण्याची घागर घेतली. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा, म्हणजे आजीचे आजोबा, तेही गाडीत बसून गेले. तिथल्या एका गोऱ्या डॉक्टरांनी पणजोबांना मराठीत विचारले, शेत किती, यंदा पाऊस कसा आहे. पणजोबांना नवल वाटले. त्यांचे बोलणे जरा वेगळेच होते, पण सगळे कळत होते. मग ते ऑपरेशनला तयार झाले. ऑपरेशननंतर कितीतरी दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणे पडून राहावे लागले, हालायचे नाही. पट्टी काढली तेव्हा त्यांनी आधी मुलाकडे बघितले आणि हा एवढा कधी वाढला असे विचारले. आजी हे सांगते तेव्हा अजूनही तिच्या डोळ्यांत पाणी येते. पणजोबा त्यानंतर पुष्कळ वर्षे शेतात राबले. ते बाटले वगैरे काही नाहीत. दर आषाढीला पंढरपूरला जातच होते.

वानलेससाहेब मोतीबिंदूची आणि पोटाची खूप ऑपरेशने करत. पण एकटा माणूस किती रोगी बघणार? म्हणून १८९७ साली त्यांनी मिरजेत डॉक्टरी शिकवायची शाळा काढली. तिथे इथलेच तरुण शिकले. गुरुजी म्हणाले की हे त्यांचे सर्वांत मोठे काम आहे. कारण बाहेरून आलेला माणूस एक दिवस परत जातो, पण इथल्या माणसांना शिकवले तर विद्या इथेच राहते. त्याच सुमारास प्लेगची साथ आली होती. १८९६ साली ती मुंबईत सुरू झाली आणि मग आपल्या भागातही पसरली. लोक गाव सोडून रानात खोपी घालून राहत.

पुढे मिशनने कुष्ठरोग्यांसाठी वेगळे इस्पितळ काढले. लोक कुष्ठरोग्याला घराबाहेर काढत, तेव्हा त्यांना तिथे आसरा मिळाला. मग क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडीला आरोग्यधाम झाले. तेव्हा क्षयावर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच उपाय होता. म्हणून ते गावाबाहेर मोकळ्या माळावर बांधले. या कामात त्यांना डॉ. व्हेल यांच्यासारखे सोबती मिळाले. मेरीबाई हे काम चालू असतानाच वारल्या. कोल्हापूरच्या एका इस्पितळाला त्यांचे नाव दिले आहे.

१९२८ साली वानलेससाहेबांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेला गेले. १९३३ साली ते तिथे वारले. पण त्यांचे नाव आपल्या वाडीला राहिले.

मित्रांनो, आपल्या गावात बेदाण्याच्या शेडवर कामाला परमुलखातली माणसे येतात. त्यांची मुले आपल्या वर्गात बसतात. त्यांना मराठी नीट येत नाही म्हणून काही जण हसतात. मला वाटते, हसण्याऐवजी आपण त्यांचे चार शब्द शिकावे आणि आपले चार त्यांना शिकवावे. त्यांना ताप आला तर निदान गुरुजींना आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंना सांगता तरी येईल. मी पाणी, भूक, दुखणे आणि घर हे चार शब्द शिकलो आहे. पालकांनीही शेडवर त्यांच्याशी बोलून बघावे, ही विनंती.

– इयत्ता चौथी